बंद काचेमागची शेगडी

काच बंद होती. मी ओट्याच्या पायरीवर बसले होते, तिथून बाळंतिणीच्या खोलीची खिडकी समोर दिसत होती आणि तिची काच टोकापर्यंत ओढलेली होती. आतून पडदा होता. पडद्याच्या आत बाजेवर बाळंतीण, तिच्या कुशीत अकरा दिवसांची मुलगी, आणि बाजेखाली मी माझ्या हातानं ठेवलेली कोळशाची शेगडी.

मी उठले. बाळंतिणीच्या भावानं हात आडवा घातला.

"खाली बस."

"अण्णा, शेगडी आत ऱ्हायली. काढू द्या."

"तू आता पोरीजवळ जायाचं न्हाई."

"मग तुम्ही काढा. कुणीबी काढा. काच बंद हाय."

त्याचा दोस्त माझ्यासमोर मोबाईल धरून उभा होता. तो हसला. "बघ, आता शेगडीचं काढलं. आत जाऊन पुन्हा कानात फुंकायचं आसंल."

"फुंकत न्हाई बाबा. शेगडी तेवढी काढते."

"स्वामी येऊ दे. मग काय काढायचं ते काढ."

त्यांच्या लिंगायत स्वामींना आणायला माणूस जाऊन अर्धा तास होऊन गेला होता. तितकाच वेळ शेगडी आत होती.

मी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालते. हे काम मला सासूनं शिकवलं. माझं माहेर मुदखेडच्या बाजूला, मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, पुढं शाळा नव्हती आणि बापाला हौसही नव्हती. लग्न होऊन उदगीरच्या बाजूला या गावात आले. आम्ही ख्रिस्ती. गावात आमची सात-आठ घरं. सासू गेल्यावर तिची घरं माझ्याकडं आली आणि चाळीस वर्षं मी ती सांभाळली. मराठ्यांची, मारवाड्यांची, मुसलमानांची, आणि सगळ्यात जास्त लिंगायतांची. गावात मला 'मिशनची मावशी' म्हणतात.

येशूबद्दल लोकांना सांगा, असं आमच्या चर्चचे पाळकसाहेब नेहमी म्हणतात. पत्रकं वाटा, घरोघर जा. मी घरोघर जातेच, पण माझे हात तेलाचे असतात, पत्रक धरू कशानं? मला भाषण येत नाही. मी वेळेवर जाते. या घरातलं त्या घरात सांगत नाही. मुलगी झाली म्हणून घरच्यांची तोंडं उतरलेली असली तरी तेल कमी लावत नाही, पाणी कमी कढत ठेवत नाही. आणि पहिलं पाणी ओतायच्या आधी एक वाक्य म्हणते, सासू म्हणायची तेच: प्रभू येशू, हे लेकरू तुझं आहे, माझा हात नीट चालू दे. तोंडातल्या तोंडात म्हणते. कोणी विचारलं तर सांगते, नाही विचारलं तर पाणी ओतते. माझं सांगणं ते एवढंच.

हे घर लिंगायतांचं, गावाबाहेर नवीन बांधलेलं, पक्क्या स्लॅबचं. उदगीरला त्यांची आडत आहे. घरात मालकीण, तिचा मुलगा, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी. मालक बहुतेक आडतीवर. मालकिणीला मी अक्का म्हणायची. त्या मुलाच्या जन्मालाही मीच न्हाऊ घातलं होतं. तो मला बघितलं की "या मावशी" म्हणायचा, माझ्याशी कधी एकेरीवर आला नव्हता.

बाळंतीण तेवीस वर्षांची. शिकलेली, पण भित्री. मुलगी झाली होती, आणि सासरचं कोणी बघायला आलं नव्हतं. नवऱ्याचे दोन फोन आले, दोन्ही वेळेस तो आपल्या आईच्या गुडघेदुखीचं बोलला. ती सकाळी पाटावर बसली की आधी रडायची, मग न्हायची. चौथ्या दिवशी तिनं विचारलं.

"मावशी, रोज काय पुटपुटता हो?"

"देवाला सांगते."

"काय?"

"लेकरू तुझं हाय, माझा हात नीट चालू दे."

"कोणच्या देवाला?"

"माझ्या. येशूला."

मी तिच्या पाठीला तेल रगडत होते. मग ती म्हणाली, "मुलगी झालेली चालते का त्याला?"

"त्याला चालते. तुझ्या सासूचं मला म्हाईत न्हाई."

ती हसली. टाके ओढले म्हणून कळवळली आणि पुन्हा हसली. बाळंत झाल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती.

त्यानंतर ती रोज काहीतरी विचारायची. तुमची किती मुलं? मी सांगितलं, पाच झाली, तीन राहिली. ती दोन गेली तेव्हा काय केलं? मी सांगितलं, देवाशी भांडले, वर्षभर उपासनेला गेले नाही, मग आपणहून गेले, कारण भांडायला दुसरं कोणी नव्हतं. तिला हे आवडलं. देवाशी भांडता येतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं म्हणे. आठव्या-नवव्या दिवशी ती म्हणाली, "तुमचं ते वाक्य मी म्हटलं तर चालंल का?"

"तोंड तुझं हाय," मी म्हटलं.

या उत्तराचा मी नंतर पुष्कळ विचार केला. बाळंतपणाच्या त्या दिवसांत बाईशी कोणी बरं बोललं तर ती त्याच्या मागं जाते. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी तिला थांब म्हटलं नाही. मला बरं वाटलं होतं. ते लपवून उपयोग नाही.

तिनं ते वाक्य मुलीला पाळण्यात घालताना मोठ्यानं म्हटलं, आणि ते तिच्या भावानं ऐकलं. त्यानं आईला विचारलं. तो आईला अव्वा आणि बहिणीला अक्का म्हणायचा. "अव्वा, ही बाई अक्काला काय शिकवून राहिली?" अव्वा म्हणाली, "सव्वा महिना होऊ दे रे. आता मधीच न्हाऊ घालायला बाई कुठून आणायची?" हे मला बाळंतिणीनंच सांगितलं, आणि आम्ही दोघी त्यावर हसलो. हसायला नको होतं. त्या दिवसापासून भाऊ मला "या मावशी" म्हणेनासा झाला, हे मी बघितलं होतं.

आता मुलीच्या गळ्यातल्या लिंगाचं सांगते, कारण ती चूक सगळी माझी.

लिंगायताच्या घरी मूल झालं की स्वामी येतात आणि त्याला इष्टलिंग बांधतात. या मुलीलाही बांधलं होतं, पांढऱ्या कापडात गुंडाळून, दोऱ्यानं गळ्यात. मालकिणीनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मावशी, हे काढायचं न्हाई. पाणी घालताना एका हातानं वर धरायचं." मला ते नवीन नव्हतं. चाळीस वर्षं मी लिंगायतांच्या लेकरांचं लिंग डाव्या हातानं वर धरून उजव्या हातानं पाणी घालत आले. पण या मुलीची कातडी नाजूक. तेल आणि डाळीचं पीठ मुरून ते कापड आंबूस झालं होतं आणि दोऱ्याखाली मान लाल झाली होती. अकराव्या दिवशी तिथं कातडी सोलली. पाणी लागलं तशी ती किंचाळली. मी दोरा सोडला. बाळंतिणीला विचारलं नाही, ती पेंगत होती. मालकिणीला हाक मारायला हवी होती, ती मारली नाही. मुलीला पुसून, टाळू भरून, दुपट्यात बांधून आईजवळ दिलं आणि तो दोरा कापडासकट बाहेर नेऊन न्हाणीघराच्या दोरीवर उन्हाला टाकला. दोरीवर तिचे लंगोट होते. मला कापड वाळवायचं होतं. त्या कापडात काय आहे हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं हातात धरलं, आणि त्या दिवशी ते मला ओलं कापड दिसलं.

शेगडीचीही चूक माझी, पण ती एकटीची नाही.

पौषातली थंडी होती. न्हाऊन झालं की बाळंतिणीला बाजेवर निजवतात आणि बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवतात, वर ओवा टाकतात. पाठ शेकून निघते. आमच्या भागात कोणी हे सोडत नाही. पूर्वीची घरं मातीच्या माळवदाची, छताला धूर जायला भोक असायचं, दारं फटीची. त्या घरांत रात्रभर शेगडी ठेवली तरी काही होत नव्हतं. स्लॅबच्या घराचं तसं नसतं. तीन वर्षांपूर्वी अशाच एका नव्या घरात मी शेगडीजवळ बसले असताना माझंच डोकं गरगरलं होतं, अंगणात येऊन ओकले होते. तेव्हापासून नव्या घरात मी दोन गोष्टी पाळायची. कोळसे बाहेर पुरते लाल होऊ द्यायचे, आणि खिडकीची काच चार बोटं उघडी ठेवायची. शिवाय शेगडी आत असेपर्यंत मी तिथून उठायची नाही.

त्या दिवशी कोळसा दमट होता, पेटायला वेळ लागला. मधले दोन-तीन कोळसे काळेच होते. त्यात मुलीच्या मानेचं झालं, उशीर झाला, बाळंतीण कुडकुडत होती. मी तशीच शेगडी आत नेली. पडदा ओढलेला होता. रोज काच उघडी असते म्हणून मी पडदा सारून बघितलं नाही. आम्ही न्हाणीघरात होतो तेव्हा मालकिणीनं गार वारा येतो म्हणून ती काच लावून घेतली होती. ती आई होती, तिनं आईसारखंच केलं.

तेवढ्यात बाहेरून भावाची हाक आली. "मावशी, भायेर ये."

न्हालेल्या बाईला वारं लागू नये म्हणून मी येताना दार ओढून घेतलं. दोन मिनिटांत परत जायचं होतं.

त्याच्या हातात तो दोरा होता.

"हे कुणी काढलं?"

"मी काढलं."

"कुठं टाकलं होतं?"

"वाळत टाकलं. वलं झालतं, पोरीची मान—"

"लंगोटात!" त्याचा आवाज फाटला. डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचंही आणि दुःखाचंही. "आमच्या पोरीचं लिंग लंगोटात वाळत घातलं तू. आधी माझ्या अक्काच्या तोंडात तुझा देव घातला, आता लेकराच्या गळ्यातला आमचा काढला."

"चूक झाली अण्णा. हात जोडते. वाईट मनानं न्हाई केलं."

"तुमचं सगळं असंच आसतं. गोड बोलून."

मालकीण स्वयंपाकघरातून धावत आली. दोरा बघितला आणि तोंडावर पदर धरला. तिनं मला काही शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मावशी, मी सांगितलं होतं ना हो."

मग स्वामींना आणायला माणूस गेला. भावानं मला ओट्याच्या पायरीवर बसवलं, म्हणाला, स्वामींसमोर बोल काय बोलायचं ते. त्याचा दोस्त मोटारसायकलवर आला आणि आल्या आल्या मोबाईल काढला. कुणाला कुणाला बाटवलं, किती पैसे मिळतात, असं विचारायला लागला. मी त्याला सांगत होते की मला पैसे अंघोळीचे मिळतात, बाकी कशाचे नाही. "तुझ्या आईलाबी मीच न्हाऊ घातलंय, तुझ्या येळेला. इचार तिला, बाटली का?" तो ओशाळला, पण मोबाईल खाली केला नाही.

मी माझी बाजू मांडण्यात इतकी गुंतले होते की शेगडीचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. काच उघडी आहे असं धरून चालले होते. मी काय बोलले, ते काय बोलले, याला मी काय उत्तर द्यायचं, यातच अर्धा तास गेला. प्रभूची साक्ष देते असंही मला आत कुठंतरी वाटत होतं. मग ऊन वर आलं, समोरच्या काचेवर चमकलं, आणि मला दिसलं की काच बंद आहे.

भावानं हात आडवा घातला ते मी वर सांगितलं. त्यानंतर मी मालकिणीकडं वळले.

"अक्का, तुम्ही तरी एकदा बघून या."

ती गेली. दार हळूच उघडून डोकावली, पुन्हा लावलं आणि परत आली. "झोपल्यात दोघी. गाढ."

"लेकरू पिलं का?"

"न्हाई वाटतं. न पिताच झोपलं."

न्हायलेलं लेकरू आधी ओठ चोखतं, मग टाहो फोडतं, मग पितं आणि मग झोपतं. या मुलीचा तर आवाज सगळ्या घरात ऐकू यायचा. न पिता ती गप्प पडली होती आणि आजी म्हणत होती झोपली.

"अक्का, न्हाल्यावर न पिता लेकरू झोपत न्हाई. शेगडी भायेर काढा. काच उघडा. माझं काय करायचं ते मागून करा."

ती मुलाच्या तोंडाकडं बघायला लागली. "आत्ता डोळा लागलाय तिचा. गार वारं लागलं तर?"

"लागू द्या वारं!" मी ओरडले. त्या घरात मी कधी आवाज चढवला नव्हता.

दोस्त म्हणाला, "जायाचंय ना आत? मग आधी हितं बोल. मोबाईलसमोर. म्हण, ह्या घरात मी येशूचं नाव घेनार न्हाई. घेतलं ती माझी चूक झाली. मग जा."

भावानं हात खाली केला नाही.

मी म्हटलं. त्यानं सांगितलं तसं, एक शब्द न गाळता. "ह्या घरात मी येशूचं नाव घेनार न्हाई. घेतलं ती माझी चूक झाली." मोबाईल नीट धर म्हणूनही त्याला बजावलं, कारण पुन्हा म्हणायला वेळ नव्हता.

हात खाली आला. मी धावले.

दार उघडलं तर गरम हवा तोंडावर आली. धूर नव्हता. धूर असता तर त्या बाईनं खोकून कोणाला तरी हाक मारली असती. ती तोंड उघडं टाकून पडली होती, उशीवर ओकारी होती. मी तिच्या गालावर मारलं, तिची मान दुसरीकडं पडली. मुलीचा हात उचलून सोडला तर तो चिंधीसारखा खाली पडला. काच ओढली, ती अडकली, दोन्ही हातांनी ओढली. शेगडी पदरानं धरून अंगणात फेकली. हात भाजला ते संध्याकाळी कळलं.

"अण्णा! बाज धर!"

तो दारात थिजला होता. आईच्या किंकाळीनं तो हलला. डोक्याकडून त्यानं बाज उचलली, पायाकडून मी. सत्तरीची बाई मी, पण त्या वेळी वजन लागलं नाही. आणि मी मोठमोठ्यानं येशू, येशू म्हणत होते. मोबाईलसमोर दिलेला शब्द दोन मिनिटंही टिकला नाही. बाजेच्या दुसऱ्या टोकाला तो होता, त्याला सगळं ऐकू येत होतं.

मोटार त्यांचीच होती, पण त्याला चावी लागेना. दोस्तानं चावी घेतली. मागं भाऊ, त्याच्या मांडीवर बहिणीचं डोकं. मालकीण तिचे पाय चोळत. पुढं मी, माझ्या मांडीवर मुलगी पालथी, रोज अंघोळीला धरते तशी. काचा सगळ्या खाली केल्या. उदगीर पंधरा किलोमीटर.

मी तिची पाठ खालून वर चोळत होते. तळव्यांना टिचक्या मारत होते. बोट नाकाशी धरलं की अगदी बारीक वारं लागायचं, मग लागायचं नाही, मग पुन्हा लागायचं.

"घेतीया का श्वास?" मागून भावानं विचारलं.

"घेतीया."

थोडं पुढं गेल्यावर पुन्हा. "मावशी, घेतीया का?"

"घेतीया. तुझ्या अक्काचं बघ."

"अक्का घेतीया."

तोंडात मग दुसरा शब्द आला नाही. प्रार्थनाही सुचली नाही. त्यानं विचारायचं आणि मी घेतीया म्हणायचं. एका पुलाजवळ माझ्या बोटाला काहीच लागेना. त्यानं विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही. मालकीण मागं रडायला लागली. दोस्तानं गाडी हळू केली तशी मी त्याच्यावर ओरडले, "थांबू नको!" आणि मुलीच्या तळव्यावर नखानं जोरात ओरखडा काढला. तिनं पाय ओढला. तोंड उघडलं. आवाज आला नाही, पण छाती हलली.

"घेतीया," मी म्हटलं.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन ओरडायला लागल्या. "कोळसा? बंद खोलीत? अजून हे करता तुम्ही लोक? कुणी ठेवला?"

"मी," मी म्हटलं. "कच्चा होता कोळसा. मीच ठेवला."

भाऊ भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "काच आम्ही लावली होती, म्याडम. आन् मावशी काढू द्या म्हणत होत्या. मी जाऊ दिलं न्हाई."

दोस्त खाली मान घालून बाहेर गेला. मालकीण माझ्याजवळ बाकावर बसली.

दुपारी स्वामी तिथंच आले. म्हातारे गृहस्थ, गुडघे धरून पायऱ्या चढले. भावानं दोरा त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"वाळत घालायला दुसरी खुंटी नव्हती का गं?"

मी म्हटलं, "होती."

"मग?"

मी त्यांचे पाय धरायला गेले नाही, आमच्यात तसं करत नाहीत. हात जोडले. त्यांनी मान हलवली आणि आत जायला परवानगी मागायला गेले. त्यांना जाऊ दिलं नाही, तेव्हा ते दाराबाहेर उभे राहून त्यांचं म्हणू लागले. मी बाकावर बसून माझं म्हणत होते.

संध्याकाळी बाळंतिणीनं डोळे उघडले. मुलीला लातूरला न्यायला सांगितलं. भाऊ तिच्याबरोबर गेला. गाडीत मला जागा नव्हती, आणि मी मागितलीही नाही. मी एस.टी.नं घरी आले.

तो व्हिडिओ दोस्तानं मी आत धावले तेव्हाच कोणाकोणाला पाठवून दिला होता. नंतर त्यानं काढून टाकला म्हणतात, पण तोवर तो सगळीकडं फिरला. नांदेडला माझ्या मुलानं बघितला. त्याचा फोन आला, "आई, तू आसं म्हनलीस?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, इकडं निघून ये. मी गेले नाही. आमच्या मंडळीतल्यांनीही बघितला. पाळकसाहेब घरी आले, चहा घेतला, आणि मग म्हणाले, "मावशी, तुमच्याकडून जबरदस्तीनं वदवून घेतलं, असं रविवारी सगळ्यांना सांगा. लोकांचा गैरसमज होतो."

"जबरदस्ती कशाची? मला आत जायचं होतं, म्हणून म्हटलं."

"पण प्रभूला नाकारलंत असं दिसतं ते."

"दिसतं तसंच हाय," मी म्हटलं. "त्याच्याशी माझं मी बघीन."

रविवारी उपासनेत मी उभी राहिले आणि घडलं तसं सांगितलं. दुसऱ्याच्या देवाची वस्तू लंगोटात वाळत टाकली, कच्चे कोळसे आत नेले, साक्ष द्यायच्या नादात काचेकडं बघितलं नाही, मोबाईलसमोर त्याचं नाव नाकारलं आणि दोन मिनिटांत पुन्हा घेतलं. कोणी आमेन म्हटलं नाही. पुरुष छताकडं बघत होते. उपासना सुटल्यावर तीन-चार बायांनी मला गाठलं आणि विचारलं, घरात सून बाळंत झाली आहे, शेगडी ठेवायची की नाही? मी म्हटलं, स्लॅबच्या घरात ठेवू नका. गरम पाण्याच्या पिशवीनं शेका. मीही आता ठेवत नाही. कोणी आग्रह केला तर काम सोडते.

बाळंतिणीच्या घरानं मला पुन्हा बोलावलं नाही. उरलेल्या दिवसांना दुसरी बाई लावली. लिंगायतांची आणखी दोन घरं सुटली. मला वाईट वाटलं. ज्या घरांनी ठेवलं, तिथं मी पहिलं पाणी ओतायच्या आधी तेच वाक्य म्हणते. कोणी विचारलं तर आता आधी घरातल्या मोठ्यांना विचारते, सांगू का म्हणून.

लातूरला मुलगी सहा दिवस काचेच्या पेटीत होती. त्या सहा दिवसांत मला कोणी काही कळवलं नाही. मीही विचारायला गेले नाही, कोणत्या तोंडानं जाणार? सातव्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. त्यानं नमस्कार केला नाही, विचारपूस केली नाही.

"मावशी, सोडलं दवाखान्यातून. दूध प्यायली," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या खोलीत दोघी होत्या, बाळंतीण आणि तिची अकरा दिवसांची मुलगी. दोघी जगल्या.